दंतुर किनाऱ्याच्या आत : गायरांगर फियॉर्डचे सहा दिवस

अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. त्यातली बहुतेक वर्षं एक वाक्य ठरलेलं : नॉर्वेचा किनारा दंतुर आहे. हिमनद्यांनी खोदलेल्या दऱ्यांत समुद्राचं पाणी शिरलं आणि फियॉर्ड तयार झाले. फळ्यावर एक आकृती काढायची, नकाशात पेन्सिलीने किनारा गिरवून घ्यायचा, दोन गुणांचा प्रश्न. मुलं गिरवताना कंटाळायची, कारण ती रेषा संपतच नाही. आत जाते, वळते, पुन्हा आत जाते.

निवृत्त झाले तेव्हा लेक म्हणाली, "आई, आता ती रेषा बघायला ये." लेक आणि जावई ऑस्लोत असतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं निघालो. विमान, भाड्याची गाडी, राहण्याच्या जागा, सगळं दोघांनी तीन महिने आधी ठरवलं होतं आणि ते सुरळीत पार पडलं, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. एवढंच सांगते की गायरांगरला जुलैत जायचं असेल तर राहण्याची जागा आधी पक्की करा, मग विमानाचं बघा. गाव अडीचशे वस्तीचं आहे, खोल्या मोजक्या.

पहिला दिवस : ऑलेसुंद

ऑस्लोहून तासाभरात ऑलेसुंद. बेटांवर वसलेलं गाव, बेटांना जोडणारे समुद्राखालचे बोगदे. उतरलो तेव्हा भुरभुर पाऊस होता आणि छत्री कुणाच्याच हातात नव्हती. सगळे रेनकोटात.

२३ जानेवारी १९०४ च्या रात्री या गावाला आग लागली. घरं लाकडाची, वारा सोसाट्याचा. साडेआठशेच्या आसपास घरं जळाली आणि दहा हजार माणसं कडाक्याच्या थंडीत उघड्यावर आली. पुढच्या तीन वर्षांत गाव दगड-विटांत पुन्हा उभं राहिलं, तेव्हाच्या नव्या युगेंड शैलीत. म्हणून इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मनोरे, वेलबुट्टी, दगडात कोरलेले चेहरे दिसतात, आणि सगळं एकाच वयाचं दिसतं. आक्सला टेकडीच्या ४१८ पायऱ्या चढलो. वरून गाव पाण्यात पसरलेल्या हातासारखं दिसतं.

रात्री बाकलाओ खाल्लं. खारवून वाळवलेला कॉड मासा भिजवून टोमॅटो, कांदा, बटाटा घालून शिजवतात. पहिला घास घेतला आणि पावसाळ्यातलं माहेर आठवलं. माझं माहेर महाडचं. बाहेर पाऊस कोसळतोय, बाजारात ताजी मासळी नाही आणि चुलीवर सुक्या मासळीचं कालवण, तो वास. इथून खारवलेला मासा बोटी भरून दूरदेशी जातो.

दुसरा दिवस : गरुडरस्ता

सकाळी दुकानातून तांदूळ, दही, भाज्या, अंडी घेतली. गायरांगरला किराणा मिळतो, पण निवड कमी आणि भाव जास्त. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, हेही ध्यानात ठेवा. पाणी मात्र विकत घेऊ नका. नळाचं पाणी गार, स्वच्छ आणि चवीला गोड आहे.

लिंगेहून आइड्सडालला गाडीसकट फेरीबोटीने गेलो. दहा मिनिटांचं पाणी. पैसे घ्यायला कुणी येत नाही, कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो आणि बिल मागाहून येतं. पलीकडे उतरल्यावर रस्ता चढत जातो, एक शांत तळं लागतं, मग जमीन अचानक संपते. इथून खाली उतरणाऱ्या रस्त्याला एर्नेवेगेन म्हणतात, म्हणजे गरुडरस्ता. अकरा नागमोडी वळणं. १९५५ साली तो खुला झाला तेव्हा कुठे गायरांगर हिवाळ्यातही रस्त्याने जोडलं गेलं. त्याआधीचा एकमेव रस्ता १८८९ चा, दक्षिणेकडून डोंगरावरून येणारा, आणि तो बर्फात महिनोन्‌महिने बंद.

वरच्या एका वळणावर पाहण्यासाठी सज्जा बांधला आहे. तिथे उभी राहिले आणि बराच वेळ कुणाशी बोलले नाही.

माझी फळ्यावरची आकृती खाली पसरलेली होती. गायरांगर फियॉर्ड १५ किलोमीटर लांब आहे. तो सुनिल्व्हफियॉर्डची शाखा, सुनिल्व्हफियॉर्ड हा स्टूरफियॉर्डची शाखा, आणि स्टूरफियॉर्ड शेवटी ऑलेसुंदजवळ उघड्या समुद्राला मिळतो. झाडाच्या फांद्यांसारखी ही रचना. हिमयुगाआधी इथे नद्या होत्या. मग पंचवीसेक लाख वर्षांत बर्फ पुन्हा पुन्हा आलं आणि गेलं. शेकडो मीटर जाडीच्या हिमनद्यांनी नद्यांच्या इंग्रजी 'व्ही'सारख्या दऱ्या खरवडून 'यू'सारख्या केल्या. तळ रुंद, भिंती उभ्या. पाण्यावर दिसणारी भिंत पाण्याखालीही तशीच उतरत जाते, सुमारे २६० मीटरपर्यंत. दगडाची उभी बाजू आपल्याला पुरती दिसतच नाही.

लेकीने विचारलं, "आई, मग आपली दाभोळची खाडी म्हणजे पण फियॉर्डच का?" वर्गात हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारायचं. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, या आपल्या खाड्या नद्यांच्या दऱ्या आहेत. बर्फ तिथे कधी आलं नाही. जगभरचं बर्फ वितळून समुद्र वर चढला तेव्हा वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटण यांच्या खालच्या दऱ्या बुडाल्या. त्यांना रिया म्हणतात. रिया मुखाशी खोल आणि आत येत जाल तशी उथळ. फियॉर्डचं बहुधा उलटं. हिमनदी आतल्या बाजूला जाड आणि जड होती म्हणून तिथे खोल खणलं. समुद्राकडे ती पातळ झाली, तरंगू लागली, वाहून आणलेला दगडगोटा तिने तिथे टाकला. म्हणून बऱ्याच फियॉर्डच्या तोंडाशी पाण्याखाली उंबरठा असतो. नॉर्वेतला सर्वांत लांब सोग्नेफियॉर्ड २०५ किलोमीटरचा आणि आत १३०० मीटरहून खोल आहे, पण मुखाशी तो उथळ आहे. जावयांनी सज्ज्याच्या कठड्यावर बोटाने हे काढून बघितलं, आणि मला वर्ग भरल्यासारखं वाटलं.

उतरून गावात आलो तेव्हा पाण्यावर दोन प्रचंड जहाजं उभी होती आणि रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी सहाला भोंगे वाजले, जहाजं निघून गेली, आणि त्याच रस्त्यावर एक मेंढी चालत आली. म्हणून सांगते, गायरांगरला दिवसभरासाठी जाऊ नका. मुक्काम करा. रात्री अकरालाही वाचता येईल एवढा उजेड असतो आणि धबधब्यांच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नाही. १ जानेवारी २०२६ पासून दहा हजार टनांखालच्या प्रवासी जहाजांना या जागतिक वारसा फियॉर्डमध्ये धूर न सोडता यायचं बंधन आहे, मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत मुदत दिली आहे. दरी एवढी अरुंद आहे की वारा नसला की धूर पाण्यावर निळ्या पट्ट्यासारखा लटकून राहतो. तो मी डोळ्यांनी पाहिला, म्हणून हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो.

लाकडी केबिनमध्ये मुगाची खिचडी केली. अशा केबिनला इथे हित्ते म्हणतात. चादरी-उशांची खोळ आपली न्यावी लागते, जाताना झाडून-पुसून द्यावी लागते.

तिसरा दिवस : स्कागेफ्लो

या दिवसासाठी मी सगळा प्रवास पुन्हा करीन.

फियॉर्डच्या उभ्या भिंतींवर मधूनच एखादा हिरवा तुकडा दिसतो आणि त्यावर दोन-तीन काळसर घरं. ही सोडून दिलेली शेतं. स्कागेफ्लो त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध, पाण्यापासून २५० मीटर वर. बोटवाल्यांना आधी सांगितलं की ते खडकावरच्या छोट्या धक्क्याला उतरवतात आणि ठरलेल्या वेळेला पुन्हा न्यायला येतात. धक्क्याच्या खडकावर तपकिरी समुद्रशेवाळाचा पट्टा होता, भरती-ओहोटीची खूण. मी वाकून पाणी जिभेला लावलं. जेमतेम खारट. एवढे धबधबे आणि वितळलेल्या बर्फाच्या नद्या आत येतात की उन्हाळ्यात वरचा थर जवळजवळ गोडा होतो आणि जड खारं पाणी खाली राहतं.

चढ खडा आहे. दगडी पायऱ्या, काही ठिकाणी धरायला तारा. बूट चांगले हवेत, पाऊस पडून गेला असेल तर दगड निसरडे असतात. यांचा गुडघा दुखरा, म्हणून आम्ही दर वळणावर थांबत दीड तास घेतला. तरुण माणसं पाऊण तासात जातात. थांबण्याचा फायदा असा झाला की दगड नीट बघता आला. हा नीस खडक. मूळचा दीड अब्ज वर्षांच्या आसपासचा, नंतर डोंगर उभे राहताना पुन्हा दाबला, भाजला, वळवला गेलेला. पांढरे, काळे, गुलाबी पट्टे एकमेकांत गुंतलेले. दोन पिठांची कणीक अर्धवट मळून लाटली तर पोळीवर असे पट्टे उठतात. आपला सह्याद्री त्याच्यापुढे तान्हा, ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा, आणि थरांनी रचलेला. म्हणून आपल्या कड्यांना पायऱ्या आहेत आणि पावसाळ्यात पायरी-पायरीवर हिरवळ धरते. इथली भिंत सलग.

वर पोचलो. गवताची छपरं असलेली घरं, खाली बर्च झाडाची साल अंथरून वर माती आणि गवत. समोर, फियॉर्डच्या पलीकडे, सात बहिणी नावाचा धबधबा. एका ओळीत उतरणाऱ्या धारा, त्यांतली सर्वांत उंच २५० मीटर सरळ कोसळणारी. मी सहा मोजल्या. बर्फ भराभर वितळतो तेव्हा, मे-जूनमध्ये, सातही दिसतात. ऑगस्टअखेर दोन-तीनच उरतात. फियॉर्डच्या या बाजूला त्यांच्यासमोर एकटाच पडणारा धबधबा आहे, त्याला मागणी घालणारा म्हणतात. त्या बहिणी इतक्या उंचावरून का कोसळतात, हे मी वर्गात लोंबती दरी म्हणून शिकवायचे. मुख्य हिमनदी मोठी होती, तिने तळ खोल नेला. बाजूच्या छोट्या हिमनद्यांना तेवढं खणता आलं नाही, त्यांच्या दऱ्या वरच राहिल्या. बर्फ गेल्यावर त्या दऱ्यांतलं पाणी थेट हवेत आलं.

घराच्या पायरीवर एक नॉर्वेजियन आजी-आजोबा डबा खात बसले होते. आजींनी आम्हाला ब्रूनओस्ट दिलं, तपकिरी चीज. चीज करताना उरलेलं दुधाचं पाणी तासन्‌तास आटवून करतात. विळीसारख्या पात्याने त्याचे पातळ काप काढतात. चव सातारच्या कंदी पेढ्याची, मागून किंचित खारट. आमच्याकडचे बेसनाचे लाडू त्यांना दिले. आजोबांनी लाडू हातात घेऊन आधी त्याचा वास घेतला.

आजींची आजी दुसऱ्या एका फियॉर्डवरच्या अशाच शेतात जन्मलेली. त्यांनी सांगितलं, घर कुठे बांधायचं हे आधी डोंगराला विचारायचे. वर खडक पुढे आलेला हवा, म्हणजे हिमलोट घरावरून उडी मारून जातो. एवढ्याशा जमिनीवर शेळ्या, थोडं गवत, थोडे बटाटे. लहान मुलांना कंबरेला दोरी बांधून खुंटाला अडकवत, खाली पडू नयेत म्हणून. कर वसूल करायला माणूस आला की वाटेतली शिडी वर ओढून घेत, अशीही गोष्ट सांगतात. १९१६ साली शेवटचं कुटुंब इथून खाली गेलं. १९९३ मध्ये राजे हाराल्ड आणि राणी सोन्या यांनी लग्नाचा रौप्यमहोत्सव याच अंगणात साजरा केला.

आजींनी समोर बोट दाखवलं. सात बहिणींच्या शेजारी क्निव्हस्फ्लो नावाचं दुसरं शेत आहे. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिकामं करायला लावलं, कारण वरचे खडक सुटतील अशी भीती होती. "ते खडक पडले का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, घरं अजून उभी आहेत. पण माणसं आत नाहीत, हे बरं झालं.

उतरताना मला ते वाक्य सोडेना.

चौथा दिवस : डाल्सनिब्बा

गावाच्या वर १४७६ मीटरवर डाल्सनिब्बा नावाचं शिखर आहे. शेवटपर्यंत गाडीरस्ता जातो, त्याला टोल आहे. आम्ही दहाला निघालो. खाली ऊन होतं. वर पोचलो तर स्वतःचा हात दिसेना असं धुकं. तापमान तीन अंश, वारा असा की गाडीचं दार उघडायला जोर लावावा लागला. बर्फाच्या भिंती रस्त्याच्या कडेला जुलैतही माझ्या खांद्याएवढ्या. वीस मिनिटं थांबून परत फिरलो.

वर निघण्याआधी शिखरावरच्या कॅमेऱ्याचं चित्र मोबाइलवर बघा, ते आम्हाला दुकानातल्या मुलीने नंतर सांगितलं. आणि लोकरीचे कपडे घ्या, जुलै आहे म्हणून सोडू नका.

परतताना फ्लीडाल्सयूवेला थांबलो. गायरांगरचं जे छायाचित्र सगळीकडे दिसतं ते इथून काढलेलं असतं. मग गावात धबधब्याच्या कडेने लोखंडी जिन्याची ३२७ पायऱ्यांची वाट चढून फियॉर्ड केंद्रात गेलो. तिथे दोन तास गेले. हिमनद्यांचं खोदकाम, शेतांचं जगणं, हिमलोट, आणि एका भिंतीवर एक भेग. ऑकरनेसेत नावाच्या डोंगराची. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

संध्याकाळी आठला लेकीने कॅमेरा बघितला आणि ओरडलीच. पुन्हा गाडी काढली, पुन्हा टोल भरला. वर धुकं खाली बसलं होतं, आपण त्याच्या वर. पांढऱ्या थराला एक भोक पडलं आणि त्यातून दीड किलोमीटर खाली हिरवं पाणी दिसलं, बोटाच्या पेराएवढं. यांनी माझा हात धरला होता, तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. दूर क्षितिजापर्यंत बर्फाची डोकी तेवढी वर, जणू ते खोदकाम अजून चालूच आहे.

पाचवा दिवस : फेरी आणि ती भेग

गायरांगर ते हेल्लेसिल्ट ही गाडी नेणारी फेरी तासाभराहून थोडी जास्त वेळ घेते. पर्यटकांच्या बोटीपेक्षा वेगळी वाट नाही, धबधबे तेच, आणि गाडीही पलीकडे पोचते. जागा आधी राखून ठेवा. गाडी चढवली की लगेच वरच्या डेकवर जा.

फेरीवर स्वेले खाल्लं. ही या भागातल्या फेरीबोटींची खासियत. ताकातल्या पिठाचं जाड, मऊ धिरडं, तव्यावरून काढून लोणी-साखर लावून अर्धं दुमडलेलं, कागदात. हातातून वाफ निघतेय, समोरून सात बहिणी सरकतायत, वाऱ्याने तुषार चेहऱ्यावर येतायत. यांनी तीन खाल्ली.

पाऊण तासाने भिंती मागे सरल्या आणि आम्ही मोठ्या सुनिल्व्हफियॉर्डमध्ये आलो. उजवीकडे, म्हणजे उत्तरेला, समोरच्या तीरावर एक लांब उतार दिसतो. झाडं, खडक, वर राखाडी पट्टा. बघून काही कळत नाही. ते ऑकरनेसेत. त्या उताराच्या माथ्यावर काहीशे मीटर लांबीची भेग आहे आणि ती दर वर्षी काही सेंटीमीटर रुंद होते. मोठ्यात मोठ्या अंदाजाप्रमाणे पाच कोटी घनमीटरांहून जास्त खडक सुटून फियॉर्डमध्ये पडू शकतो. अरुंद पाण्यात एवढा डोंगर कोसळला तर लाट उठते आणि तिला पसरायला जागा नसते. हेल्लेसिल्टला ती काही मिनिटांत पोचेल. गायरांगरलाही.

म्हणून हा डोंगर रात्रंदिवस मोजला जातो. भेगेच्या दोन काठांना जोडलेली मोजपट्टीची उपकरणं, लेझर, उपग्रहांवरून स्थान टिपणारे खांब, रडार, खडकाच्या आत विंधनविहिरींत सोडलेली यंत्रं, जमिनीचा हादरा ऐकणारी यंत्रं. बर्फ वितळतं आणि जोराचा पाऊस पडतो तेव्हा हालचाल वाढते, कारण भेगेत पाणी शिरतं. ते पाणी काढून घेता येईल का यावरही काम चालू आहे. डोंगर सुटण्याआधी वेग वाढतो. तो वाढला की गावं रिकामी करायची, भोंगे वाजवायचे, असं सगळं ठरलेलं आहे आणि त्याचा सराव होतो.

हेल्लेसिल्टच्या मधोमध एक धबधबा आहे. घरांच्या मधून, पुलाखालून, गर्जना करत थेट फियॉर्डमध्ये. पुलावर एक पासष्टीचे गृहस्थ कुत्र्याला घेऊन उभे होते. लेकीने नॉर्वेजियनमध्ये बोलायला सुरुवात केली तसे ते खुलले. मी तिच्यामार्फत विचारलं, तुम्हाला इथे झोप कशी लागते?

त्यांनी खिशातून फोन काढला आणि दाखवला. इशारा आला तर तो यावर येतो, म्हणाले. मग वरच्या रस्त्याकडे हात केला. कुठल्या घरातून कोण कुणाला घेऊन कुठल्या वाटेने चढेल हे त्यांना पाठ होतं. शेजारची म्हातारी बाई त्यांच्या गाडीत. कुत्राही त्यांच्याच गाडीत. "डोंगराला आम्ही थांबवू शकत नाही," ते म्हणाले, "पण त्याच्याकडे रोज कुणीतरी बघतंय."

मी त्यांना माळीण सांगितलं. ३० जुलै २०१४ची सकाळ, दीडशेहून अधिक माणसं. आणि तळिये सांगितलं, माझ्या माहेरच्या महाड तालुक्यातलं. २२ जुलै २०२१, ऐंशीहून अधिक माणसं. त्याच दिवशी महाड शहर सावित्रीच्या पुराखाली होतं, माझा भाऊ पोटमाळ्यावर बसून होता आणि आमचा फोन लागत नव्हता. कातळ आणि माती वेगळी, पाऊस वेगळा, आपली दरड इथल्या खडकासारखी वर्षानुवर्षं सरकत नाही, एका रात्रीच्या पावसात सुटते. हे सगळं मला माहीत आहे. तरीही वरच्या वाडीला भेग पडलीय, हे आपल्याकडेही गुरं चारायला जाणाऱ्याला आधी दिसतं. त्याचं बोलणं टिपून घेणारं, तिथे खुंटी ठोकून रोज अंतर मोजणारं माणूस हवं. त्याला यंत्रही लागत नाही. दोन खुंट्या आणि टेप पुरते. मी शिकवलेल्या मुलांनी ते करावं असं मला फार वाटतं, आणि आता शाळेत जाऊन ते सांगणार आहे.

त्या गृहस्थांनी टोपी काढली आणि थोडा वेळ हातात धरून उभे राहिले.

सहावा दिवस : स्ट्रॉबेरी आणि ताफियॉर्ड

स्ट्रांडाहून लियाबिग्दाला फेरी, तिथून वाल्डाल. वाल्डाल स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध. बासष्टाव्या अक्षांशावर, पण डोंगरांनी वारा अडवलेला, उन्हाचा दिवस वीस तासांच्या जवळचा आणि अटलांटिकच्या उबदार प्रवाहाची कृपा, ज्यामुळे हे फियॉर्ड हिवाळ्यातही सहसा गोठत नाहीत. रस्त्याच्या कडेला टेबल, त्यावर खोकी, पैसे टाकायला डबा. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीपेक्षा लहान, आतपर्यंत लाल, आणि इतक्या गोड की गाडीतच संपल्या. दोन खोकी घ्या.

पुढे फ्योरो आणि मग ताफियॉर्ड. शांत गाव, पांढरी घरं, सफरचंदाची झाडं. ७ एप्रिल १९३४ रोजी पहाटे तीनच्या सुमारास लांगहामरेन नावाच्या कड्यापासून वीस लाख घनमीटरांच्या आसपास खडक ७०० मीटरवरून फियॉर्डमध्ये पडला. कड्याजवळ लाट साठ मीटरांहून उंच चढली. गावावर एकामागून एक तीन लाटा आल्या. ताफियॉर्ड आणि फ्योरो मिळून ४० माणसं गेली. त्या कड्याची भेग गावाला आधीपासून माहीत होती. खडक पडेल हेही वाटत होतं. पाणी एवढं उठेल, हे कुणाला वाटलं नव्हतं.

स्मारकाचा दगड आहे, त्यावर नावं. एकाच आडनावाची नावं एकाखाली एक. लेक हळू आवाजात वाचत होती, मी ऐकत होते. कुणीतरी दगडाच्या पायाशी रानफुलं ठेवली होती, आजची, पाकळ्या ओल्या होत्या. हे पाण्याच्या काठी जाऊन उभे राहिले. पाणी काचेसारखं होतं आणि त्यात समोरचा डोंगर उलटा दिसत होता.

इथे यायचं असेल तर गाडी लागते, आणि तासभर तरी हातात ठेवा. गावात गरम पाण्याचा उघडा तलाव आहे, मुलांना आवडेल. आम्ही गेलो नाही.

गाडीत बसलो तेव्हा भावाचा फोन आला. आवाजामागे पाऊस ऐकू येत होता.

"कालपासून लागलाय," दादा म्हणाला. "सावित्री अजून पात्रात आहे. तुमच्याकडे कसं?"

"ऊन आहे," मी म्हटलं. "दादा, वरच्या वाडीला कुणी जाऊन आलं का?"

"पावसात कोण जातंय?"

"उघडीप मिळाली की जा. सदूला घेऊन जा, तो रोज गुरं नेतो तिकडे. आणि जाताना टेप ने."

"टेप कशाला?"

मी त्याला सांगायला लागले.